सिस्टिक टायमर सॉफ्टवेअरमध्ये उतरवताना: माझा अनुभव

कॉर्टेक्स-एम या छोट्या उपकरणांतल्या प्रोसेसरसाठी एम्युलेटर, म्हणजे त्याची सॉफ्टवेअरमधली नक्कल, लिहितोय. त्यातला सिस्टिक, म्हणजे कोअरमधलाच २४ बिटांचा उलटा मोजणारा काउंटर, मला सगळ्यात सोपा वाटला होता. आधी प्रत्येक सायकलला एक वजा करायचो. चालायचं, पण फार हळू. मग पुढचा शून्य कितव्या सायकलला येणार एवढंच साठवून ठेवलं. कुणी काउंटरचं रजिस्टर (आकडा ठेवायची जागा) वाचलं की वजाबाकी करून द्यायची. वेग एकदम सुधारला.

पण फर्मवेअरचं, म्हणजे एम्युलेटरवर चालणाऱ्या प्रोग्रामचं, घड्याळ दिवसाला सुमारे ५.४ सेकंद पुढे जायला लागलं. १६ मेगाहर्ट्झला १ मिलिसेकंदासाठी लोडमध्ये, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते त्या रजिस्टरमध्ये, १५९९९ असतं आणि मी तेवढ्याच सायकलींनी इंटरप्ट (वेळ झाल्याचा इशारा) देत होतो. खऱ्या चिपमध्ये शून्याचीही एक सायकल धरली जाते, म्हणून १६०००.

खरा छळ पुढे होता. फर्मवेअरमधला डिले लूप (ठराविक वेळ थांबवणारा कोड) कंट्रोल रजिस्टरमधल्या काउंटफ्लॅगची, म्हणजे काउंटर शून्यावर आला की १ होणाऱ्या बिट १६ ची, वाट बघत बसायचा. कधी तिप्पट वेळ घ्यायचा, कधी बाहेरच पडायचा नाही. दोन रात्री इंटरप्टचा कोड चाळला. मग लक्षात आलं, रजिस्टरं दाखवणारी माझी डिबगची खिडकी बंद असली की सगळं सुरळीत! तो बिट वाचला की पुसला जातो, आणि माझी खिडकी प्रत्येक इन्स्ट्रक्शननंतर त्याच रीड फंक्शनमधून डोकावत होती. फर्मवेअरच्या हाती फ्लॅग लागणार कसा?

आता डिबगसाठी वेगळं फंक्शन आहे. ते नुसतं बघतं, कशालाही हात लावत नाही. डिले बरोबर १०० मिलिसेकंदांचा येतो, खिडकी उघडी असतानाही.