गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील नव्या सोयी कशा वापराव्यात

महाराष्ट्रातील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेल्या काही वर्षांत बऱ्याच सोयी नव्याने आल्या आहेत. फिरते पथक, कानातील बिल्ल्यावरून ठेवली जाणारी नोंद आणि कालवडीच जन्माव्यात यासाठीच्या लिंगवर्गीकृत रेतमात्रा (कृत्रिम रेतनासाठीच्या वीर्याच्या मात्रा) या त्यांपैकी प्रमुख होत. मात्र जनावर घेऊन केव्हा जायचे आणि सोबत कोणती माहिती न्यायची, हे पशुपालकाला ठाऊक असेल तरच त्या सोयी खऱ्या अर्थाने पदरात पडतात.

सुरुवात कानातील पिवळ्या बिल्ल्यापासून करावी. त्यावरचा 12 अंकी क्रमांक ‘भारत पशुधन’ या प्रणालीत नोंदवला जातो आणि लसीकरण, रेतन, उपचार या साऱ्यांची नोंद त्याच क्रमांकाखाली होते. राज्यात 1 जून 2024 पासून बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध आले असून सरकारी सेवेसाठीही बिल्ला मागितला जातो. प्रत्येक जनावराच्या बिल्ल्याचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे आणि बिल्ला तुटून पडल्यास नवा लावून घेताना जुना क्रमांक अवश्य सांगावा, म्हणजे आधीची नोंद हरवत नाही. जनावर विकत घेताना ते आपल्या नावावर करून घेण्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, तेही त्याच आठवड्यात उरकावे.

जनावर उठू शकत नसेल किंवा गाय अडली असेल, तर ते वाहनात घालून नेण्याची धडपड न करता 1962 या निःशुल्क क्रमांकावर फोन करावा. फिरत्या पथकाच्या गाडीत पशुवैद्यक, त्यांचा साहाय्यक आणि चालक असतात. फोनवर गाव, वस्ती आणि रस्त्याची खूण यांबरोबरच जनावर गाभण आहे का, रवंथ करते का, शेण कसे पडते आणि आजार केव्हापासून आहे, एवढे नेमके सांगितले की पथकाला तयारीने येता येते.

लिंगवर्गीकृत रेतमात्रेविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण अपेक्षाभंग इथेच सर्वाधिक होतो. या मात्रेने गर्भ राहिल्यास कालवड होण्याची शक्यता सुमारे 90 टक्के असते. परंतु तिच्यात शुक्राणूंची संख्या नेहमीच्या मात्रेपेक्षा बरीच कमी असल्याने गर्भ राहण्याचे प्रमाणही काहीसे कमी पडते. म्हणून ती निरोगी, अंगाने भरलेल्या आणि नियमित माजावर येणाऱ्या कालवडीसाठी किंवा पहिल्या-दुसऱ्या वेताच्या गाईसाठी मागावी. वारंवार उलटणाऱ्या, म्हणजे रेतन करूनही गर्भ न राहता पुन्हा माजावर येणाऱ्या गाईवर ती वाया घालवू नये, त्या गाईची आधी तपासणी करून घ्यावी. दुसरी गोष्ट वेळेची. गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, हा जुना नियम आजही उपयोगी आहे. काचेसारखा स्वच्छ, लोंबणारा बळस (योनीतून येणारा चिकट स्राव) पडू लागला, गाय दुसऱ्या जनावरांना अंगावर उडू देऊ लागली, की तो तास वहीत लिहून ठेवावा. म्हशींमध्ये मुका माज, म्हणजे बाहेरून फारशी लक्षणे न दिसणारा माज असतो, तेव्हा पहाटे आणि रात्री उशिरा गोठ्यात फेरी मारल्याशिवाय तो कळत नाही. रेतनानंतर 18 ते 24 दिवसांत गाय पुन्हा माजावर येते का, हे पाहावे. ती आली नाही तरी गाभण आहे असे गृहीत धरू नये आणि दोन ते तीन महिन्यांनी गर्भतपासणी करून घ्यावी. भाकड दिवसांचा खर्च वाचवणारी ही तपासणी न चुकता करणारे पशुपालक अजून फार थोडे दिसतात, याची खंत वाटते.

लसीकरणाबाबत एवढेच की लाळ-खुरकुताची लस वर्षातून दोनदा टोचून घ्यावी. सांसर्गिक गर्भपाताची लस फक्त 4 ते 8 महिन्यांच्या मादी वासरांना, आयुष्यात एकदाच दिली जाते; त्यामुळे वासराच्या जन्माची तारीख लिहिलेली असणे फार गरजेचे आहे.

कासदाह, म्हणजे दगडी, झाल्याचा संशय आला की बरेच जण आधी मेडिकलमधून औषध आणतात आणि गुण न आल्यावर दवाखाना गाठतात. हा क्रम उलटा हवा, कारण औषधाचा डोस गेल्यावर घेतलेल्या दुधाच्या नमुन्यात जंतू सापडतीलच असे नाही. सड धुऊन कोरडे करावेत, टोकाला स्पिरिटचा बोळा फिरवावा, पहिल्या चार-पाच धारा वेगळ्या भांड्यात काढून टाकाव्यात आणि पुढचे दूध दवाखान्यातून आणलेल्या निर्जंतुक बाटलीत, प्रत्येक सडाचे वेगळे घेऊन, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावे. बाटलीवर बिल्ल्याचा क्रमांक आणि सडाची जागा लिहावी. तपासणीतून कोणते प्रतिजैविक लागू पडेल ते कळते. उपचार सुरू होताना डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा : शेवटच्या इंजेक्शननंतर किती दिवस या गाईचे दूध डेअरीला घालायचे नाही? मिळालेले उत्तर गोठ्याच्या भिंतीवर, धार काढणाऱ्याच्या नजरेसमोर, तारखेसह लिहून ठेवावे.