गच्चीवरच्या भाजीआधी पाण्याचा हिशेब: सोलापूरकरांसाठी

सोलापुरात गच्चीवर भाजी पिकवणे परवडते का, हे ठरवण्यासाठी आधी घरात येणारे पाणी मोजावे. नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 अंशांपुढे जातो. त्या दिवसांत भाजीच्या 1 चौरस मीटर वाफ्याला रोज ढोबळमानाने 6 ते 8 लिटर पाणी लागते. 10 फूट बाय 10 फूट जागेला साठ-सत्तर लिटर झाले. उजनीहून उपसून आणलेले इतके पाणी मेथीला घालणे मला तरी पटत नाही.

म्हणून वाफ्याचे माप बादलीवरून ठरवावे. डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी दिवसाला एक बादली साठत असेल, तर उन्हाळ्यात 2 चौरस मीटर जागा पुरे. नाल्याचे सांडपाणी मात्र पालेभाजीला कधीही देऊ नये.

धान्याचा मोह टाळावा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी गच्चीवर 100 चौरस फुटांत लावली, तर जेमतेम किलोभर दाणे हाती येतील. त्याऐवजी ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात, जेव्हा पाणीही कमी लागते, मेथी, शेपू, चुका आणि कोथिंबीर घ्यावी. धने अख्खे पेरू नयेत. चपलेखाली हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत आणि रात्रभर भिजवून पेरावेत. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, कोथिंबीर आठ-दहा दिवस वाट पाहायला लावते. त्या काळात बोट मातीत पेरभर खुपसून पाहावे आणि ओल लागली नाही तरच पाणी द्यावे.

वजनाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. फूटभर जाडीच्या ओल्या मातीचा 1 चौरस मीटर वाफा सुमारे पाचशे किलो भरतो. पालेभाजीला 6 इंच थर पुरतो आणि त्यात निम्मे कोकोपीट व शेणखत मिसळल्यास भार आणखी उतरतो. पहिल्या वर्षी मी पिशव्या थेट स्लॅबच्या मधोमध मांडल्या होत्या. श्रावणात खालच्या खोलीच्या छताला ओल धरली, तेव्हा चूक कळली. आता त्या तुळईच्या रेषेत, विटांवर ठेवतो.

मार्च संपता संपता पालेभाजी काढून वाफे वाळल्या पाल्याने झाकावेत आणि पाणी फक्त कढीपत्ता व गवती चहासाठी राखावे. शेवगा लावायचाच असेल, तर तो अंगणातल्या जमिनीत लावावा.