निवासी शिबिराला मूल पाठवताय? या चुका टाळा

मे महिन्यात मुलांच्या शिबिरात ताई म्हणून राहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते. मुलाचं शिबिर बिघडतं ते बऱ्याचदा घरून निघण्याआधीच. भंडारदरा असो, पाचगणी असो की कर्जतजवळचं एखादं फार्महाऊस, अडचणी त्याच त्या असतात आणि त्यातल्या कितीतरी आईबाबांना टाळता येतात.

"नाही आवडलं तर फोन कर, लगेच न्यायला येतो"

हे आश्वासन प्रेमापोटी दिलेलं असतं, पण मुलाला सगळ्यात जड तेच जातं. आपण तिथे राहू शकू याची आईबाबांनाच खात्री नाही, एवढंच त्याला त्यातून कळतं. मग भाजीत वांगं निघालं किंवा शेजारचा मुलगा घोरायला लागला की त्याचं सगळं लक्ष फोनकडे.

दिवसा काहीच अडत नाही. लगोरी, टेकडी चढणं, मातीकाम यांत मूल रमलेलं असतं. दिवेलागणीला खेळ थांबतात, ताटं वाढली जातात आणि घास घशाखाली उतरेनासा होतो. पहिल्या-दुसऱ्या रात्री हे हमखास होतं. नेमका तेव्हाच घरून फोन आला आणि आईचा आवाज कानावर पडला की बांध फुटतो. थोड्या वेळापूर्वी भेंड्यांमध्ये गाणं म्हणणारं तेच मूल "मला घरी ने" म्हणून हुंदके देऊ लागतं. म्हणून रोज मुलाशी बोलण्याचा हट्ट धरू नका. खुशाली ताई-दादांना विचारा.

निघण्याआधी त्याला खरं तेच सांगा: "आठवण येईल, कदाचित रडूही येईल. तेव्हा ताईजवळ जाऊन बस." शक्य असेल तर आधी एक-दोन रात्री आत्याकडे किंवा मामाकडे एकट्याला राहू द्या. बॅगेत चिठ्ठी जरूर ठेवा, पण "तुझ्याशिवाय घर ओकंबोकं वाटतंय" असं त्यात नको. "परत आलीस की शेकोटीची गाणी मला शिकव" एवढं पुरे.

मात्र मूल जेवतच नसेल, झोपत नसेल, कुणाला घाबरत असेल तर वाट पाहत बसू नका. कुणी धमकावलं किंवा नकोसा स्पर्श केला तर कधीही फोन मागायचा, हे मुलाला आधीच स्पष्ट सांगून ठेवा. काहीही झालं तरी मुलांशी बोलता येणार नाही, असं संयोजक म्हणत असतील तर तिथे मुळीच पाठवू नका.

"ताई, पोटात दुखतंय"

शिबिरात सगळ्यात जास्त ऐकू येणारी ही तक्रार. दिवसभर खेळून रात्रीच दुखत असेल तर बहुधा घरची आठवण. पण कितीतरी मुलं नवख्या संडासात जायचंच टाळतात आणि मग खरोखर पोट दुखतं. रात्री अंधारात लांब जायला लागू नये म्हणून पाणीही कमी पितात. लघवी गडद पिवळी झाली की समजायचं, पाणी कमी पडतंय. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायचं. मोठं असेल तर एक लिटर. अर्ध्या ग्लासात घट्ट करून देणं चूक आहे.

आणि एक पोटदुखी अशी असते, जिथे थांबायचंच नाही. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. दंश फारसा दुखत नाही, खूणही कधी दिसत नाही. पहाटे पोटात कळा, पापण्या जड, गिळायला त्रास असं दिसलं तर मूल थेट दवाखान्यात. कोकणात लाल विंचवाचं भय आहे. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही विष भिनल्याची लक्षणं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून या दंशाचे मृत्यू कसे रोखता येतात ते दाखवून दिलं. म्हणून झाडपाला, मंत्र यांत वेळ घालवायचा नाही. खाटेवर किंवा निदान नीट खोचलेल्या मच्छरदाणीत झोपणं आणि बूट झटकून घालणं, एवढी काळजी रोज घ्यायची.

आईने भरलेली बॅग

शेवटच्या दिवशी बॅगा आवरताना इस्त्रीचे कपडे जसेच्या तसे सापडतात आणि मूल तीन दिवस एकाच टीशर्टात वावरलेलं असतं. कपडे कुठे आहेत हेच त्याला ठाऊक नसतं. बॅग मुलालाच भरू द्या, तुम्ही फक्त यादी वाचा. प्रत्येक वस्तूवर नाव हवं. नवे कोरे बूट नकोत, टाचेला फोड येतात. भंडारदऱ्याला मे महिन्यातही पहाटे गारवा असतो, एक स्वेटर लागतोच. बॅटरी आणि ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी विसरू नका. चकली-लाडूंचे डबे मात्र घरीच राहू द्या: खाऊमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

अंथरूण ओलं होत असेल, पाळी सुरू झाली असेल किंवा व्हायची शक्यता असेल, दमा असेल, तर ते ताईला लिहून द्या. लाजेपोटी लपवलं की मूल रात्रभर ओल्या चादरीवर गप्प पडून राहतं. आधी माहीत असेल तर ताईला स्वतः झोपण्यापूर्वी त्याला उठवून लघवीला नेता येतं, चादर गुपचूप बदलता येते.

पैसे भरण्याआधी विचारा

फोटोतला झिपलाइन पाहून निर्णय घेऊ नका. रात्री मुलांजवळ कोण झोपतं? रात्रभर गाडी उभी असते का? सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो? धरणात पोहायला नेणार असतील तर प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का? राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार अशा उपक्रमांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. ती दाखवायला सांगा. उत्तर देताना कुणी चिडलं तर दुसरं शिबिर शोधा.