विकिपीडियावर पहिल्यांदा लिहिताय? या चुका टाळा

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. मी तिथे बरीच वर्षं लिहितेय आणि दर फेब्रुवारीत, मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमारास, नवी मंडळी आली की त्याच चुका पुन्हा दिसतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कॉपी-पेस्ट. एका कॉलेजात कार्यशाळा होती, लॅबमध्ये तीस मुलं. पहिली सहा खाती उघडली आणि सातव्यापासून सगळी अडली. एका आयपी पत्त्यावरून (म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीवरून) दिवसाला सहाच खाती निघतात, हे आदल्या दिवशी सांगायला मी विसरले होते. (खातं घरूनच उघडून या.) वेळ गेला, घाई झाली आणि त्या घाईत एका मुलीने तिच्या गावच्या बारवेवर अडीच पानं टाकली. भाषा सुरेख. पण मध्येच वाक्य होतं, ‘आकृती ३ मध्ये दाखविल्याप्रमाणे’. आकृती कुठेच नव्हती. मजकूर एका पुस्तकातून जसाच्या तसा उचललेला होता. पुस्तक अलीकडचं निघालं आणि लेख संध्याकाळीच उडाला. पोरीला वाटलं, आपल्या गावावर लिहायलाच बंदी आहे.

माहिती कुणाच्या मालकीची नसते, वाक्यं असतात. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार (कॉपीराइट) राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून खुलं झालं. कालपरवाच्या पुस्तकाचं तसं नाही. शब्द इकडचे तिकडे करणं हीसुद्धा नक्कलच. मी वाचते, पुस्तक मिटते, चहा टाकते आणि मग आठवेल तेवढंच लिहिते. नावं, सनावळ्या शेवटी पुस्तक उघडून तपासते. वेळ लागतो, लागू द्या.

त्या मुलीने तालुक्याच्या वाचनालयात गॅझेटियर शोधलं आणि सहा ओळी लिहिल्या, पान क्रमांकासकट. बारवेच्या पायऱ्या तिने स्वतः मोजल्या होत्या. ते मात्र मी घालू दिलं नाही, कारण तिथे स्वतःचं संशोधन चालत नाही, प्रकाशित आधार लागतो. तिने काढलेला फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या खुल्या चित्रसाठ्यावर, चढवला. पायऱ्या त्यात दिसतात.

यंत्राने केलेलं भाषांतर न वाचता टाकू नका. सारस पक्ष्याच्या मजकुरात ‘क्रेन’ तशीच राहिलेली मी पाहिली आहे.

स्वतःवर किंवा आपल्या साहेबांवर लेख लिहू नका. गुगलवरून उचललेले फोटो नकोत. पहिले प्रयोग धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, करा.

दुसरी चूक मला जास्त लागते, कारण तिच्यामुळे चांगली माणसं निघून जातात. कुणी आपली ओळ उलटवली, म्हणजे काढून टाकली, की नवखा रुसतो, नाहीतर तीच ओळ पुन्हा टाकतो. पुन्हा उलटते, पुन्हा टाकतो. अहो, प्रत्येक लेखाला चर्चा पान असतं! तिथे जा, ‘ही ओळ का काढलीत?’ असं सरळ विचारा आणि खाली चार टिल्डे (~~~~) टाका, म्हणजे सही उमटते. उत्तर दोन दिवसांनी येईल. तोवर थांबायची तयारी हवी. मी संदर्भ द्यायला शिकले ते अशाच उत्तरांतून, ज्यांना कधी भेटले नाही अशा लोकांकडून.

बारवेच्या लेखातला बांधकामाचा काळ पुढे कुणीतरी बदलला. मुलीने मला फोन केला, मी तिला चर्चा पानावर पाठवलं. समोरच्याने शिलालेखाच्या वाचनाचा संदर्भ दिला, तिने तो वाचनालयात पडताळला आणि गॅझेटियरचं मतही शेजारी ठेवलं. आता लेखात दोन्ही आहेत.