खिंड बर्फाने अडली तर? घरच्यांसोबत हिमालयात चालताना दुसरी वाट कशी आखावी

जळगाव-धुळ्याकडच्या कुटुंबाला हिमालयात पाठीवर सॅक घेऊन आठ-दहा दिवस चालायचं असेल, तर तारखा निवडायला फारसा वाव नसतो. पोरांच्या शाळेला सुटी मे महिन्यात. घरी शेती असेल तर मृगाच्या आत परतायलाच हवं, कपाशीची लागवड कुणासाठी थांबत नाही. राहता राहिला मे, आणि चार हजार मीटरच्या आसपासच्या खिंडींत बर्फ असतो तो याच दिवसांत. भुसावळला पारा चव्वेचाळीसवर गेलेला असताना हे कुणाला पटत नाही. म्हणून दुसरी वाट तिथे गेल्यावर शोधायची नाही. ती घरी बसून, पहिल्या वाटेइतक्याच हौसेने आखायची.

उदाहरणाला उत्तरकाशीजवळची दोडीताल ते हनुमान चट्टी ही वाट घेऊ. संगमचट्टीहून अगोडा गावावरून दोडीतालला पोचायचं, तिथून दरवा खिंड ओलांडून यमुनोत्रीच्या बाजूला उतरायचं. दोडीताल हे गणपतीचं जन्मस्थान अशी तिकडची श्रद्धा आहे, त्यामुळे घरातली वडीलधारी मंडळी या वाटेला लगेच राजी होतात.

अडणारी जागा आणि फाटा

नकाशावर आधी वाटेतली सर्वांत उंच जागा शोधा. इथे ती दरवा खिंड, चार हजार मीटरच्या वर. दोडीताल आहे तीन हजारांच्या आसपास. म्हणजे एका सकाळीत हजारभर मीटरची चढण, आणि बर्फ असलाच तर तो याच टप्प्यात. खालची वाट जंगलातली आहे, ती मेमध्ये सहसा मोकळी असते.

मग फाटा ठरवा. जिथून दोन्ही वाटा अजून हातात आहेत अशी ही शेवटची मुक्कामाची जागा. इथे तो दोडीताल. फाट्यावर एक जादा दिवस राखून ठेवा. हवा बिघडली तर तो कामी येतो, आणि उंचीची सवय व्हायलाही त्याचा उपयोग होतो. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम पोरांसोबत तर पाळायलाच हवा.

दुसरी वाट कागदावर पूर्ण उतरवा

“नाहीच जमलं तर परत येऊ” याला दुसरी वाट म्हणत नाहीत. खिंड बंद निघाली तर संगमचट्टीला उतरायचं, उत्तरकाशीहून गाडीने धरासू मार्गे बडकोटला जायचं. तिथून दोन पर्याय आहेत. जानकी चट्टीहून यमुनोत्रीची चढण करा, किंवा पुरोला, मोरी करत सांकरी गाठा आणि हर की दूनच्या खोऱ्यात चाला. माझं मत विचाराल तर घरच्यांसोबत दुसरा पर्याय उजवा. हर की दून साडेतीन हजारांच्या आसपास आहे, मध्ये खिंड नाही, वाट खोऱ्याखोऱ्याने चढत जाते आणि समोर स्वर्गारोहिणीचं शिखर. पांडवांची गोष्ट माहीत असलेल्या आजीला तर पहिल्या बेतापेक्षा हाच आवडेल.

कागदावर उतरवायचं म्हणजे काय? हर की दून गोविंद राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे प्रवेशपरवाना लागतो. यमुनोत्रीला जायचं तर चारधाम यात्रेची नोंदणी सक्तीची आहे आणि हंगामात वाटेत तपासणी होते, ती घरूनच करून ठेवा. पहिल्या बेतात तुमची गाडी हनुमान चट्टीला थांबणार होती. बेत बदलला तर ती संगमचट्टीला हवी, हे ड्रायव्हरशी आधीच बोलून ठेवा, कारण वर फोन लागेलच असं नाही. खेचरवाल्याशी परतीच्या दिवसांचा भावही निघण्याआधी ठरवा. बर्फातून खेचर जात नाही, आणि अडलेल्या गिऱ्हाईकाशी भाव करणं कुणालाही सोपं जातं.

रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी सुरू होतं, पूर्वी ते 120 दिवस होतं. परतीचं तिकीट दुसऱ्या वाटेचे दिवस धरून काढा. दोन दिवस हरिद्वारला गंगेकाठी बसावं लागलं तर बिघडत नाही. तिकीट जवळचं असलं की माणसं बर्फात नको ती घाई करतात.

घरबसल्या बर्फ बघा

निघण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं बघत जा. ती फुकट असतात आणि दर काही दिवसांनी नवी येतात. साध्या चित्रात ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे, फसायला होतं. रंगांची मांडणी बदलून शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांची, निवडली, की बर्फ निळसर दिसतो आणि ढग बहुतेक पांढरेच राहतात. मग खिंडीच्या दोन्ही बाजू नीट बघा. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार लवकर मोकळा होतो, उत्तरेकडचा बर्फ धरून बसतो. चढताना कोरडी वाट लागली म्हणून खूश व्हाल आणि माथ्यावर पोचल्यावर उतरणीची बाजू पांढरीशुभ्र निघेल. ओळीने तीन-चार चित्रं बघितली तर बर्फाची कड किती वेगाने वर सरकते आहे याचा अंदाज येतो. निघायच्या दिवशी ती कड खिंडीच्या बरीच खाली असेल, तर भुसावळ स्टेशनातच दुसरी वाट पहिली करून टाका.

चित्राला तिथल्या माणसाच्या बोलण्याची जोड हवी. अगोड्याच्या एखाद्या गाइडला फोन करा आणि “रस्ता चालू है क्या?” असं विचारू नका, उत्तर होकारार्थीच येईल. “गेल्या आठवड्यात कोण पलीकडे उतरलं? सोबत पोरं होती का? किती वाजता निघाले?” असं विचारा.

फाट्यावरचे नियम

हे नियम घरीच लिहून सगळ्यांना वाचून दाखवा. वर गेल्यावर डोकं दुखत असतं, पैसे खर्च झालेले असतात, आणि कुणीतरी म्हणतंच, “इथवर आलो तर जाऊ ना भो.”

बर्फ पहाटे टणक असतो, ऊन चढलं की भुसभुशीत होतो. म्हणून पहाटे अंधारातच निघायचं, नऊच्या आत खिंड, नाही तर जिथे असू तिथून मागे. दुपारी वर ढग जमून गडगडायला लागतं, ओढ्यांनाही वितळलेलं पाणी वाढतं. सकाळी आठच्या आधीच मोठ्या माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत रुतत असेल तर तिथेच परत फिरा, दहा वाजता त्याच बर्फात दहा वर्षांचं पोर कमरेपर्यंत जाईल. बर्फाखाली पाण्याचा आवाज आला तर त्यावर पाय नको, तो ओढ्यावरचा पूल असतो. आडव्या उतारावर आधी खाली बघा. घसरलो तर कुठे जाऊन थांबू? खाली गवताचा सपाट तुकडा असेल तर गाइडसोबत पायऱ्या खोदत जाता येतं. खाली खडक किंवा पाणी असेल तर बर्फाची ती पट्टी चार पावलांची असली तरी नको. ताजा बर्फ पडलेला असेल आणि उतार तीस अंशांहून तीव्र असेल, तर कड्यावरून हिमलोट येण्याची भीती असते. मोबाइलमधल्या उतार मोजण्याच्या ॲपने हे बघता येतं.

परत फिरण्याचा अधिकार सगळ्यांना द्या, अगदी धाकट्यालाही. एकाने नाही म्हटलं की वाद नाही.

जून लागला म्हणजे धोका टळला असं समजू नका. 2024 च्या जूनच्या सुरुवातीला उत्तरकाशीकडच्याच सहस्रतालच्या वाटेवर खराब हवामानात कर्नाटकातल्या गटातले 9 जण दगावले.

सराव आणि शिधा

बर्फाचा सराव खान्देशात होणार नाही, पण सॅकचा होतो. तोरणमाळ, पाटणादेवी, लळिंगचा किल्ला, जे जवळ असेल तिथे भरलेली सॅक घेऊन पहाटे पाचला चालायला लागा आणि ऊन तापायच्या आत परत या. पहाटे उठून अर्ध्या तासात आवरून निघणं हीच सवय पुढे खिंडीखाली लागते.

गाडीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस आरामात पुरते. वर मात्र तुरीची डाळ नेऊ नका. तीन हजार मीटरवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकर नसेल तर डाळ तासभर शिजवूनही कच्ची राहते आणि गॅस संपतो. मुगाची डाळ आणि पोहे न्या. दोन दिवसांचा शिधा जादा ठेवा, कारण परत फिरलात तर तीच वाट पुन्हा चालायची आहे.

सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परदेशातल्या नातलगाकडून मागवू नका, आपल्याकडे परवानगीशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे. त्याऐवजी घरी एकाकडे दोन्ही वाटांचा कागद ठेवा. त्यावर मुक्काम, गाइडचा नंबर, आणि “या तारखेच्या संध्याकाळपर्यंत फोन आला नाही तर उत्तरकाशीच्या पोलिसांना कळवायचं” हे लिहा.

खिंडीखालून परत फिरलात तर खाली उतरल्यावर उत्तरकाशीत एक रात्र थांबा, बूट-मोजे वाळवा आणि दुसऱ्या वाटेला पुरेल एवढी रोकड काढून घ्या. पुरोल्याच्या पुढे एटीएमच्या भरवशावर राहू नका.