टू-स्ट्रोक इंजिन आणि आजचं पेट्रोल : या चुका टाळा

टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे ज्यात ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं ते, जाम झालं की ते घेऊन येणारा हमखास सांगतो, "ऑइल तर मी जास्तच टाकलं होतं." ग्रास कटर असो, पाठीवरचा फवारणी पंप असो, नाहीतर जपून ठेवलेली आरएक्स १००, हे वाक्य ठरलेलं. बिघाडाचं मूळही बऱ्याचदा तिथंच सापडतं.

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं काही इथेनॉल उसाचं, म्हणून सांगली-साताऱ्यात त्याला कोणी नावं ठेवत नाही, मीही ठेवत नाही. पण इंजिनाचा हिशोब बदलला आहे, तो समजून घ्या. साधं पेट्रोल एक किलो जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. जुन्या पेट्रोलसाठी बसवलेला जेट, म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, तसाच ठेवला तर आत हवा जास्त आणि इंधन कमी, म्हणजे इंजिन लीन चालतं. लीन चाललं की पिस्टन तापतो. अशा वेळी लोक ऑइल वाढवतात. पण जेटच्या भोकातून जायचा तेवढाच माल जातो. त्यात ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल घटतं, म्हणजे इंजिन आणखी लीन होतं, वर प्लग काळा होतो तो वेगळाच.

कंपनीनं पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. बाटलीच्या बुचानं अंदाजे ओतू नका. मी जनावरांच्या औषधाची मोठी सिरिंज वापरतो, स्वस्त आहे आणि चुकत नाही. तापत असेल तर पेट्रोल वाढवा. ग्रास कटरच्या कार्बोरेटरचा एच स्क्रू, म्हणजे फुल रेसचं पेट्रोल ठरवणारा, उलटा, एका वेळी आठवा हिस्सा फेरा, एवढाच सोडायचा. फुल रेसला मोकळा असताना आवाज जरा फडफडला आणि गवताला लावल्यावर स्वच्छ झाला की थांबायचं. आरएक्सला मेन जेट एक नंबर मोठा घालून बघा, मधल्या रेसला अडखळत असेल तर कार्बोरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली. जेटमध्ये तार घालून भोक मोठं करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, नवीन जेट आणायला पाठवतो.

दुसरी चूक जुन्या मिश्रणाची. तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदारानं एप्रिलच्या खरड छाटणीच्या वेळी बनवलेलं पेट्रोल-ऑइल कॅनमध्ये तसंच ठेवलं होतं. झाकण हरवलेलं, म्हणून तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर. वर पत्र्याचं शेड, पावसाळ्यात गळणारं. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीची घाई, कॅन तळापर्यंत पंपात रिकामा केला. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. पहिल्या ओळीत आवाज नेहमीपेक्षा चढा, त्यांना वाटलं छान पळतंय. दुसरी ओळ संपायच्या आत किंचाळून थांबलं. खोललं तर पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे, ॲल्युमिनियम सिलिंडरला चिकटलेलं. टाकीतलं उरलेलं काचेच्या बाटलीत ओतून बाकावर ठेवलं. थोड्या वेळात मधे सरळ रेघ दिसली: वर ऑइलच्या रंगाचं पेट्रोल, खाली जवळजवळ बिनरंगी थर. इथेनॉल पाणी धरतं, आणि पाणी हद्दीबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलातच राहतं. टाकीची नळी तळातून ओढते. म्हणजे त्या इंजिनाला ऑइलाचा थेंबही मिळत नव्हता. पिस्टन, रिंग, सिलिंडर सगळं नवीन, आणि ऐन फवारणीत पंप बंद.

माझ्याकडे आठवड्याला लागेल तेवढंच मिश्रण बनतं. महिन्यावर गेलेलं मी कुठल्याच इंजिनात घालत नाही. काम संपलं की टाकी रिकामी करून आयडलवर बंद पडेपर्यंत चालवतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण तेवढा धीर कोणाला नसतो.

हल्ली पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल "धुऊन" काढायचं खूळ निघालं आहे. १०० मिली पेट्रोलात १० मिली पाणी घालून हलवलं की खालचा थर ३० मिलीच्या आसपास जातो. इथेनॉल किती आहे हे बघायला ही युक्ती उत्तम. पण धुतलेलं पेट्रोल इंजिनात घालू नका. इथेनॉलबरोबर ऑक्टेनही, म्हणजे ठोका न देता जळायची पेट्रोलची ताकद, उतरतो आणि ओलावा मागे राहतो. महागडं पेट्रोल म्हणजे बिनइथेनॉलचं, हाही समज काढून टाका. ऑक्टेन जास्त म्हणून इथेनॉल नाही, असं नसतं. शंका आली तर हीच चाचणी करा.

ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल टू-स्ट्रोकमध्ये कधीच नाही. राख धरते, रिंगा चिकटतात. सुटं २टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइलही नको, जेएएसओ एफडी (JASO FD) हा दर्जा लिहिलेला सीलबंद डबा घ्या. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवू नका, घरात पोरं असतात. जुनी रबरी नळी कडक झाली, चिरली किंवा फुगली की लगेच बदला, कार्बोरेटरचा डायफ्रामही त्याच वेळी.

एवढं करूनही रेस सोडल्यावर इंजिन खाली येत नसेल, चढतच राहत असेल, तर जेटला हात लावू नका. क्रँकचं ऑइल सील आणि कार्बोरेटरखालचं गॅस्केट बघा. तिथून हवा ओढत असेल तर कितीही मोठा जेट घाला, उपयोग नाही. आधी सील, मग ट्युनिंग.