टीएमटीला जाताय? या चुका टाळा

कोकणात टीएमटी, म्हणजे हृदय तपासायला फिरत्या पट्ट्यावर चालायची टेस्ट, म्हटलं की आधी एसटीची वेळ बघावी लागते. पहाटेच्या गाडीने कुडाळ नाहीतर रत्नागिरी गाठायची, आणि तीही रक्ततपासणीसारखी उपाशीपोटी! उपाशी राहायची गरज नसते. दोन-तीन तास आधी पेज किंवा एखादं घावन खाऊन घ्या. मधुमेहाची गोळी घेऊन रिकाम्या पोटी पट्ट्यावर चढलात तर साखर उतरू शकते. चहा-कॉफी त्या दिवशी नको. औषध टोचून करायची थॅलियम टेस्ट (हृदयाच्या रक्तपुरवठ्याचं चित्र काढणारी) असेल तर आदल्या दिवसापासूनच बंद.

आंघोळीनंतर छातीला खोबरेल चोळून येणारेही पुष्कळ. तेलकट कातडीवर इलेक्ट्रोड, म्हणजे ईसीजीसाठी छातीला चिकटवायच्या चकत्या, धरत नाहीत, त्यात आपल्याकडचा घाम. मग ईसीजीचा आलेख असा थरथरतो की डॉक्टरांना त्यातून काही वाचता येत नाही. छातीवरचे केस काढायला सांगितले तर लाजू नका. पुढून उघडणारा सैल शर्ट घाला आणि पायात चपला नकोत, बूट हवेत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो गोळ्यांचा. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या बीपी-हृदयाच्या गोळ्या नाडी वाढू देत नाहीत. टेस्टला साधारण २२० वजा वय, त्याच्या ८५ टक्के नाडी लागते. साठीच्या माणसाला १३६. तिथवर पोचलाच नाहीत तर रिपोर्ट अर्धवट. म्हणून काहीजण शेजाऱ्याच्या सल्ल्याने गोळी परस्पर बंद करतात, आणि हे त्याहून वाईट. आजार आहे का हे शोधायचं असेल तर डॉक्टर बहुधा एक-दोन दिवस गोळी थांबवतात, उपचार लागू पडतायत का हे बघायचं असेल तर चालू ठेवतात. तेव्हा तारीख घेतानाच गोळ्यांची पिशवी त्यांच्यापुढे रिकामी करा.

पट्टा सुरू झाला की आपली माणसं परीक्षेला बसल्यासारखी वागतात. ब्रूस पद्धतीत, म्हणजे पट्टा चालवायच्या नेहमीच्या पद्धतीत, दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो; सुरुवात ताशी २.७ किलोमीटरने, तिसऱ्या टप्प्यात ५.५. दांडा घट्ट आवळून अंगाचा भार त्यावर टाकला की मिनिटं वाढतात, पण हृदयाला तेवढा ताण पडतच नाही. आणि सिस्टर विचारते, "आजोबानू, छातीत दुखता काय?" तर उत्तर ठरलेलं: "नाय गो, काय नाय." अहो, तेच तर बघायला आलात! दुखलं, दम लागला, गरगरलं, तर त्याच क्षणी सांगा.

पट्टा थांबला म्हणजे टेस्ट संपली नाही. काही बदल ईसीजीत नंतरच्या मिनिटांतच दिसतात, त्यामुळे परतीच्या गाडीसाठी घाई करू नका. गुडघे धरलेले असतील तर तसं आधीच सांगा. मग डोब्युटामाइन हे हृदयाचे ठोके वाढवणारं औषध देऊन स्ट्रेस इको, म्हणजे ताणाखालच्या हृदयाची सोनोग्राफी, करता येते.

रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला म्हणजे लगेच स्टेंट, असं नाही. बायकांमध्ये तर तो खोटा पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त. 'निगेटिव्ह' आला म्हणून विडी-तंबाखूला मोकळीक नाही. ही टेस्ट मुख्यतः रक्तप्रवाह अडवणारे मोठे अडथळे पकडते, आणि झटका रक्तवाहिनीतला चरबीचा छोटा थर फुटूनही येतो. बसल्या जागी छातीत दुखायला लागलं तर टेस्टच्या तारखेची वाट बघू नका, जुन्या नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नका, थेट १०८ला फोन लावा.